काठीला दोरी जुळवताना

भिलाईत उमेदीची वर्षं काढली म्हटलं की ऐकणारा खुर्ची पुढं ओढतो आणि भट्टीबद्दल विचारतो. वितळलेलं लोखंड कसं दिसतं, झळ किती लांबून लागते, आभाळ खरंच लाल व्हायचं का. व्हायचं. पण सुरुवातीला मलाही ते बाकीच्यांसारखं लांबूनच दिसायचं. मी लागलो केमिस्ट म्हणून, हे खरं. पण ज्या प्रयोगशाळेत मी बसायचं होतं तिला तेव्हा भिंती होत्या, छप्पर नव्हतं. छप्पर होईपर्यंत याला कुठंतरी लावा, म्हणून मला रशियन तज्ज्ञांच्या क्लबात खेळाच्या साहित्यावर बसवलं. कारण एकच. संध्याकाळच्या वर्गात मी रशियन शिकत होतो, आणि त्या वर्गात शेवटपर्यंत टिकलेल्या थोड्यांपैकी होतो.

माझे वडील दुर्ग लाइनवर गँगमन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आणि बी.एस्सी. होऊन मी काय करत होतो, तर टेनिसच्या रॅकेटींची तात आवळत होतो. वडील गँगमधल्या लोकांना सांगायचे, "पोरगा रशियन लोकायसंग मोठ्या मशीनवर हाये." मी कधी दुरुस्त केलं नाही.

मशीन नव्हती, पण कामाला डोकं लागायचं. भिलाईची हवा कोणत्याही परदेशी वस्तूला सुखानं जगू देत नसे. उन्हाळ्यात लाकूड तडकायचं, पावसाळ्यात तात फुगायची, चामडं बुरसायचं. गिऱ्हाइकंही एकेक. एकानं बर्फावर घसरायचे बूट धार लावायला आणून दिले. भिलाईत, मे महिन्यात. मी धार लावून दिली, कशाला म्हणून विचारलं नाही. दुसऱ्यानं व्हायोलिनची तार तुटली म्हणून रॅकेटची तात मागितली. त्याला मात्र नाही म्हणालो.

पण सांगायची आहे ती एका काठीची गोष्ट.

काठी निकोलाय साहेबांची. हे कोक ओव्हनकडचे तज्ज्ञ, उंच, कमी बोलणारे, दर रविवारी मरोद्याच्या तळ्यावर मासे धरायला जाणारे. काठी बांबूची, तीन तुकड्यांत खुलणारी. बांबूच्या सहा लांब चिपा तासून, सरसानं एकमेकींना चिकटवून केलेली. महायुद्धाच्या दिवसांत रशियाच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात एका इंग्रज खलाशानं ती त्यांना दिली होती. त्याचं जहाज पुढं बुडालं. एवढंच एकदा त्यांनी मला सांगितलं, आणि पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

आता ही काठी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडच्या गळाला शिसं असतं, आमिष असतं. ते जड असतं, फेकलं की पुढं जातं आणि दोरीला ओढून नेतं. गोफणीतल्या दगडासारखं. या काठीच्या दोरीला असते ती कोंबडीच्या पिसांची, दोऱ्यानं बांधलेली खोटी माशी. तिला वजन असं नाहीच, फुंकर मारली तर उडेल. मग ती लांब पाण्यावर जाते कशी? तर इथं दोरीच जड असते. दोरी हाच दगड. माणूस दोरी डोक्यावरून मागं फेकतो, मागं ती सरळ झाली की तिच्या वजनानं काठी वाकते, आणि वाकलेली काठी सरळ होता होता दोरीला पुढं ढकलते. म्हणजे काठी ही स्प्रिंग. दोरी हलकी पडली तर स्प्रिंग दबतच नाही. फार जड झाली तर स्प्रिंग दमते, एखाद्या वेळी मोडते. प्रत्येक काठीचं आपलं एक वजन असतं आणि तिला तेवढंच द्यावं लागतं.

शिवाय दोरी निमुळती असते. पोटात जाड, टोकाकडे बारीक. जाडी कमी होत गेली की जोर हळूहळू संपतो आणि माशी पाण्यावर अलगद उतरते. नाहीतर दोरी धपकन पडते आणि मासे पळतात. निकोलाय साहेबांची दोरी रेशमाची होती, तेल मुरवलेली, आणि दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ही काठी सांभाळायचं काम क्लबातल्या सोमाजीकाकांचं. काका तुमसरकडचे, शेतावरून उठून इकडं आलेले, रोजंदारीवर लागलेले. क्लबच्या मागं एका खोलीत राहायचे. त्या दिवसांत त्यांची मुलगी कमल बाळंतपणाला आली होती आणि दिवस भरत आले होते. काका काठी पुसायचे, पिशवीत घालायचे, खुंटीला उभी टांगायचे. साहेबांनी एकदा दाखवलं होतं तसंच, रोज.

त्या पावसाळ्यात दोरीचं पुढचं टोक कुजलं. रेशीम ओलं राहिलं की कुजतं, आणि तळ्यावरून आणलेली दोरी त्या हवेत वाळायची कुठं? क्लबचे सेक्रेटरी होते बोकीलसाहेब, पुण्याचे, रोलिंग मिलमधले इंजिनियर. माणूस कामाला चोख. त्यांनी जुनी दोरी मिलमध्ये नेली, मायक्रोमीटर लावला आणि टोकाची व पोटाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून आणली. त्या दोऱ्यांच्या डब्यावर तेव्हा तीन इंग्रजी अक्षरं असत. पहिलं एका टोकाची जाडी सांगायचं, मधलं पोटाची, तिसरं दुसऱ्या टोकाची. बोकीलसाहेबांनी मोजलेली जाडी अक्षरांशी ताडून कलकत्त्याला ऑर्डर दिली. दोरी आली ती नायलॉनची, नवी, चकचकीत. बोकीलसाहेबांनी सगळ्यांदेखत पुन्हा मायक्रोमीटर लावला. "बघा. केसाचाही फरक नाही." जुनी दोरी टाकून द्या म्हणाले.

आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. पोलादाच्या गावात जाडी मोजली की वजन मोजल्यासारखंच असतं. सळीची जाडी सांगा, फोरमन फुटाला किती भरेल ते तोंडावर सांगतो. पोलाद सगळं पोलादच. दुसरा विचार कुणाच्या डोक्यात येणार?

पुढचा रविवार. मरोद्याच्या बांधावर निकोलाय साहेब, बोकीलसाहेब, काठीची पिशवी धरून काका आणि दुभाषा म्हणून मी. निकोलाय साहेबांची रशियाला परत जायची वेळ जवळ आली होती. त्यांनी काठी जोडली, दोरी काढली, हात मागं नेला. दोरी मागं गेली आणि पुढं येता येता साहेबांच्या पुढ्यातच गोळा होऊन पडली. पुन्हा फेकली. पुन्हा तसंच. एरवी या माणसाची माशी सांगितलेल्या ठिकाणी उतरायची. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांची मान लाल झाली. चिडून त्यांनी हातभर, अजून हातभर करत बरीच जास्त दोरी हवेत सोडली, आणि एकदा, फक्त एकदाच, काठी मुठीपर्यंत वाकलेली मी पाहिली. मग एवढी लांब दोरी हवेत टिकेना, बांधावरच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन अडकली.

साहेबांनी काठी खाली घेतली, बोटानं तिच्यावर टिचकी मारली, कान लावला. मला म्हणाले, "मेली. सरस सुटला आहे."

मी भाषांतर केलं. बोकीलसाहेब काकांकडे वळले.

"सोमाजी, काठी उन्हात ठेवली होतीस?"

"नाई साहेब. खोलीले चुना मारून राहिले होते, म्हणून वऱ्हांड्यात ठेवली. सावलीत होती."

"किती वेळ?"

"चुना वाळेवरी."

"सावली सरकते, सोमाजी."

 काका पाहत राहिले ते काठीकडे, बोकीलसाहेबांकडे नाही. परतताना निकोलाय साहेबांनी जीपमध्ये काठी काकांच्या हातात दिली नाही, स्वतःच्या मांडीवर आडवी धरली. तेवढं पुरेसं होतं. बोकीलसाहेब म्हणाले, शनिवारी संध्याकाळी कमिटी आहे, तिथं हा विषय ठेवू. रोजंदारीच्या माणसाचा विषय कमिटीत गेला की काय होतं ते काकांनाही ठाऊक होतं आणि मलाही. काम गेलं की खोली जाणार. कमलला घेऊन जाणार कुठं?

मला मात्र ती एकदाच वाकलेली काठी दिसत होती. सरस सुटलेली काठी कधीच नीट वाकायला नको. ही वाकली, पण कधी? सगळ्यात जास्त दोरी हवेत असताना. म्हणजे सगळ्यात जास्त वजन असताना. मग काठी मेलेली नाही, उपाशी आहे. जाडी तीच, पण नायलॉन रेशमापेक्षा हलकं. हे कॉलेजात घनता शिकलेल्या कुणालाही सुचलं असतं. मला सुचायला चार दिवस लागले, कारण मीही त्या मायक्रोमीटरपुढं मान डोलावली होती.

सुचलं, पण सिद्ध कशानं करणार? कलकत्त्याहून दुसरी दोरी यायला महिना लागला असता. जुनी हवी होती. तिचं एक टोक कुजलं होतं, पण दुसरं तेवढंच निमुळतं टोक आत, दोरी गुंडाळायच्या चक्रीच्या पोटात, कधी पाण्यात गेलंच नव्हतं. दोरी उलटी करून लावली की झालं.

"काका, ते जुनी दोरी कुठं फेकली?"

"फेकली." काका रॅकेट पुसत होते.

"कुठं पण?"

"कचऱ्यात. गेली ते."

कचरा क्लबच्या मागंच जमायचा. मी गुरुवारी दुपारी सळीनं सगळा ढीग उकरला. बोकीलसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि बोलावून घेतलं. मी काय ते सांगितलं.

"म्हणजे मायक्रोमीटर खोटं बोलतो?"

"नाही साहेब. तो जाडीच सांगतो. काठीला वजन लागतं."

त्यांनी खिडकी ओढून घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझ्या लॅबला छप्पर चढलंय. तुला सोडायचं की नाही ते मला विचारणार आहेत. रसायनशास्त्राचा माणूस तू, कशाला मासेमारीत पडतोस?"

धमकी होती का सल्ला, अजून ठरवता आलेलं नाही. माणूस वाईट नव्हता.  पण वडिलांची ती मोठी मशीन डोळ्यांपुढं आली.

तिथून निघालो तो सरळ काकांच्या खोलीवर गेलो. खोलीमागं काकांनी दोडका लावला होता. वेल भिंतीवरून कौलांपर्यंत चढला होता, पिवळी फुलं, हातभर लांब दोडके. वेल ज्या दोरीवर चढला होता ती सुतळी नव्हती. गुळगुळीत, मधाच्या रंगाची.

कमल ओट्यावर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं माझी नजर पाहिली आणि आत हाक मारली, "बाबा!"

काका बाहेर आले. मी वेलाकडे पाहतोय हे दिसल्यावर जागच्या जागी उभे राहिले.

"काका, मले खोटं कावून सांगितलं?"

"खरं सांगून का झालं असतं, बाबू? काठी मोडली म्हणून मले काढून राहिले. दोरी नेली म्हटलं असतं त पोलिसात देतील."

"टाकून दिलेली दोरी व्हती."

"टाका म्हणले. ने म्हणले नव्हते." काका हळूच म्हणाले. "क्लबातला खिळाबी घरी नेत नसतो मी. पोरीले दोडक्याची भाजी आवडते, वेल खाली पडून राहिला होता, म्हणून."

 ज्या दोरीनं काका सुटणार होते तीच दोरी त्यांना अडकवणार होती. काठी शाबूत आहे हे दाखवायचं तर दोरी दाखवावी लागणार, आणि दोरी दाखवली की ती कुठून आली हे कुणीतरी विचारणारच.

"सगळी वेलालेच बांधली का?"

"नाई. खराब टोक वेलाले. बाकी घरात, खुंटीवर."

काकांनी ती कापली नव्हती. परक्याची वस्तू कापायची कशी, म्हणून नुसती सोडून वेलावर चढवली होती आणि उरलेलं वेटोळं खिडकीतून आत ओढून खुंटीला टांगलं होतं. खुंटीवरची दोरी कोरडी होती. मी ती बोटांमधून ओढून पाहिली. मजबूत.

"काका, हे दोरी मी नेतो. पण साहेबापुढं न्यावी लागंन. नेऊ का?"

काकांनी कमलकडे पाहिलं. सूप थांबलं होतं.

"तुमाले पक्कं माहीत हाये? काठी चांगली हाये?"

पक्कं कुठं माहीत होतं! वजनाचा हिशेब बरोबर असला तरी वऱ्हांड्यात उन्हानं तापून काठीचा सरस खरंच ढिला झाला असेल तर? योग्य वजनाच्या दोरीखाली तर ती आधी मोडेल. मग साहेबांची काठी गेली, काका गेले आणि माझी लॅबही गेली.

"पक्कं नाही काका," मी म्हटलं. "पण मले वाटते."

काकांनी विळीनं दोरी मधोमध कापली. स्वतःच. कुजका भाग वेलावर तसाच राहिला.

शुक्रवारी मी, नवी लॅब होईपर्यंत चालवलेल्या छोट्या पत्र्याच्या लॅबमध्ये जाऊन, दोन्ही दोऱ्यांचे सारख्याच लांबीचे भाग तराजूत घातले. रेशीम स्पष्ट जड भरलं. तरीही कागदावरचं वजन कमिटीला दाखवून उपयोग नव्हता, ते मला कळत होतं. तिथं काठीच बोलायला हवी होती. मी दोरीला मेण आणि जवसाचं तेल चोळलं, उलटी करून चक्रीवर चढवली, आणि निकोलाय साहेबांना जाऊन म्हटलं, शनिवारी सकाळी एकदा, शेवटचं, मरोद्याला चला.

ते म्हणाले, "मेलेल्या काठीला कशाला त्रास देता?" पण आले. बोकीलसाहेबही आले. काकांना मी येऊ नका म्हटलं होतं. ते चालत येऊन आमच्या आधी बांधावर उभे होते.

साहेबांनी दोरी हातात घेतली, रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं.  काठी जोडताना सांधे दोनदा तपासले. मग थोडीच दोरी सोडून हात अगदी हळू मागं नेला, दुखऱ्या माणसाचा हात धरावा तसा. काठीत कुठंतरी बारीक 'टिक' झालं. बोकीलसाहेब पुढं सरकले. काकांनी डोळे मिटले. मी साहेबांच्या मनगटाकडे पाहत होतो, कारण काठीकडे पाहायचा धीर नव्हता.

मनगट पुढं आलं. काठी टोकापासून मुठीपर्यंत वाकली आणि सुटली. दोरी साहेबांच्या डोक्यावरून उलगडत गेली, शेवटचा वळसा पाण्यावर सरळ झाला आणि माशी अशी उतरली की पाण्यालाही कळलं नसावं. 'टिक' झालं होतं ते सांध्यावरच्या मेणाचं.

साहेबांनी पुन्हा फेकली. जरा लांब. पुन्हा, अजून लांब.  पलीकडे म्हशी धुणारा माणूस त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, "बने हे, साहेब!" म्हणजे, झकास. मग निकोलाय साहेबांनी, ज्यांना आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं, काठी गालाला लावली.

आणि दोरी गुंडाळता गुंडाळता ते थांबले. कापलेल्या टोकाजवळ दोरीला वेलाचा एक वाळका तणावा चिकटला होता, स्प्रिंगसारखा वेटोळे घातलेला. मी एवढी दोरी पुसली, मेण लावलं, तेवढाच राहिला होता. साहेबांनी तो नखानं सोडवला, तळहातावर घेतला.

बोकीलसाहेबांनी विचारलं, "ही दोरी आली कुठून?"

मी तोंड उघडलं. जुन्या सामानात सापडली, असं म्हणणार होतो. पण काका माझ्या पुढं आले.

"मी नेली होती साहेब. दोडक्याच्या वेलाले बांधली. कोणाले विचारलं नाई."

निकोलाय साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता भाषांतर माझ्या हातात होतं. मला हवं ते मी सांगू शकत होतो, तिथं तपासणारं कुणी नव्हतं. पण काका माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, जणू त्यांना रशियन कळत होतं. मी जसंच्या तसं सांगितलं. दोडक्याला रशियन शब्द येत नव्हता, काकडी येत होती. काकडीच्या वेलाला बांधली, म्हटलं.

"काकडीच्या?" साहेबांनी विचारलं. "फळं धरली?"

मी काकांना विचारलं.

"धरली ना! साहेबायच्या दोरीवर का धरणार नाई?" काकांच्या तोंडून निघून गेलं, आणि ते घाबरले.

मी तेही सांगितलं. साहेब जीपकडे गेले, नायलॉनच्या दोरीचा चकचकीत डबा घेऊन आले आणि काकांच्या हातात दिला. "काकडीसाठी ही," ते म्हणाले. "माझी मी घेतली."

बोकीलसाहेबांच्या कलकत्त्याच्या ऑर्डरचं ते असं झालं. ते डब्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हलकं असतं होय नायलॉन." बस. संध्याकाळच्या कमिटीत काठीचा विषय निघाला नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी मला लॅबला सोडलं. सोडतानाच्या शेऱ्यात माझ्याबद्दल 'चिकित्सक' असा शब्द लिहिला होता, तो स्तुतीचा की तक्रारीचा, हेही मी विचारलं नाही.

पुढं लॅबमध्ये लोखंडाचे असंख्य नमुने तपासले. नमुना आला की कुणी जाडी सांगितली तरी मी आधी वजन घ्यायचो. पोरं हसायची.

त्या शनिवारी परतताना काठी साहेबांच्या मांडीवर नव्हती. जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी ती पिशवीत घातली आणि पिशवी काकांकडे दिली. काकांनी ती मरोद्यापासून क्लबापर्यंत दोन्ही हातांनी उभी धरली, सावलीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेशमाचा कुजका तुकडा वेलावरून काढला आणि नायलॉन बांधलं. कमलचा पोरगा त्याच खोलीत जन्मला, आणि मी लॅबला गेल्यावरही दर मोसमात एक दोडका माझ्या दारात येत राहिला. काका गेले, खोली पाडली, तेव्हाही भिंतीच्या खिळ्याला ती दोरी तशीच होती. नायलॉन सडत नाही. काठीला ते कधी कामाचं नव्हतं. दोडक्याचं वजन मात्र त्यानं बरोबर पेललं.